एकदा लागली की बघायला नको

आमच्या गोंदिया जिल्ह्यात रस्त्याला खड्डा पडला की लोक आधी अर्ज देतात, मग स्मरणपत्र, मग निवेदन, आणि तरीही काही हललं नाही तर खड्ड्यात बेशरमाचं झाड लावतात. हे आंदोलन एकट्या गोंदियाचं नाही. भंडारा, नागपूर, पार पलीकडे छत्तीसगडपर्यंत ते चालतं. रीत सोपी आहे. जवळच्या नाल्यावरून एक फांदी मोडायची, खड्ड्यात खोचायची, घोषणा द्यायच्या, फोटो काढायचा आणि चहाला जायचं. ज्यांच्यासाठी हे सगळं चाललेलं असतं त्यांच्यापर्यंत ते पोचतं की नाही कोण जाणे, झाडापर्यंत मात्र हमखास पोचतं. दिवस पावसाळ्याचे, खड्ड्यात चिखल. बेशरमाला एवढं पुष्कळ झालं. पंधरवड्यात फांदीला पालवी फुटते. पुढे कधीतरी रस्ता मंजूर होतो, जेसीबी येतो, खड्ड्यातली माती उचलून शेजारच्या नालीत टाकतो, आणि निषेध नालीत सुखाने नांदायला लागतो.

पुस्तकात या वनस्पतीला गारवेल म्हणतात, शास्त्रज्ञ आयपोमिया कार्निया म्हणतात. गोंदियात कोणी गारवेल म्हणालं की हा माणूस पुण्याहून आला हे लगेच ओळखू येतं. ती वेल की झुडूप, याबद्दल तिचं स्वतःचंच अजून ठरलेलं नाही. लहानपणी ताठ उभी राहते. उंची वाढली की आधार शोधते, मिळाला तर वर चढते, नाही मिळाला तर आडवी पडते, आणि आडवी पडली की जिथे पेर जमिनीला टेकेल तिथे मूळ धरते. पडणारे आपल्याकडे पुष्कळ आहेत, पण पडण्याचा इतका फायदा करून घेणारं दुसरं कोणी माझ्या पाहण्यात नाही.

फूल मात्र देखणं, हे कबूल केलंच पाहिजे. फिकट गुलाबी, जरा जांभळटाकडे झुकणारं, नरसाळ्याच्या आकाराचं, आत घशाशी गडद. सकाळी उमलतं, दिवस चढला की मान टाकतं, आणि दुसऱ्या दिवशी त्या जागी दुसरं तयार असतं. पान बदामी. फांदी मोडली की पांढरा चीक येतो, आणि मोडलेल्या तोंडात पाहिलं तर आत पोकळ नळी. पोकळ असल्यामुळे तुटलेला तुकडा पाण्यावर तरंगतो. नाल्याला पूर आला की हे तुकडे वरच्या गावातून खालच्या गावात विनातिकीट जातात आणि पूर ओसरला की उतरतात तिथेच राहतात.

घराणंही वाईट नाही. एकादशीला आपण जे रताळं खातो ते याच घराण्यातलं. तळ्यात पसरणारी करमूची भाजी यांच्याच घरची. तुळशीवृंदावनाशेजारी काडीवर चढणारी, बारीक पानांची आणि लाल फुलांची गणेशवेलही यांच्यातलीच. कोकणात किनाऱ्यावरची वाळू धरून ठेवणारी मर्यादवेल तर बहीणच. एका बहिणीच्या नावात मर्यादा आणि दुसरीच्या नावात हे. पण असं कुठल्या घरात नसतं?

मूळ गाव अमेरिका खंडातल्या उष्ण प्रदेशात. आपल्याकडे ती चोरून आली नाही, आपण आणली, तीही शोभेसाठी. मग लक्षात आलं की ढोरं तिला तोंड लावत नाहीत. म्हणून धुऱ्यावर कुंपणाला लावली. मग लक्षात आलं की ती माती धरून ठेवते. म्हणून पाळीवर आणि काठांवर लावली. मग लक्षात आलं की तिला खत-पाणी काही लागत नाही. म्हणून कुठेही लावली. यानंतर जे लक्षात आलं ते उशिरा आलं.

माझ्या शाळेने तिच्या प्रसाराला केलेल्या मदतीची नोंद कुठेच झालेली नाही, म्हणून इथे करतो. छड्या बेशरमाच्या असत. त्या आणायला मास्तर पोरांनाच पाठवत, आणि त्या दिवशी आपल्याला मार बसणार नाही याची ज्याला खात्री असे तो जाड बघून आणत असे. शिक्षा आटोपली की छडी खिडकीबाहेर. चार-पाच पावसाळ्यांत शाळेच्या मागच्या बाजूला दाट हिरवं कुंपण उभं राहिलं. पाहुणे आले की त्यांना ते वृक्षारोपण म्हणून दाखवत.

ढोरं तोंड लावत नाहीत हे खरं, पण शेळीची गोष्ट वेगळी. उन्हाळ्यात बाकी सगळं वाळलेलं असतं आणि बेशरम तेवढी हिरवीगार. शेळी आधी नाइलाजाने खाते. बेशरमाच्या पाल्यात स्वेन्सोनिन नावाचं विष असतं. ते हळूहळू भिनतं, शेळी मान हलवायला लागते, पाय लटपटतात, चालताना तोल जातो. इथपर्यंत ठीक होतं. गंमत पुढे आहे. ज्या शेळीला या पाल्याची चटक लागते ती समोर चांगला चारा टाकला तरी बेशरमच शोधत जाते. हे अभ्यासकांनी लिहून ठेवलं आहे. आमच्या गावातल्या म्हाताऱ्यांनी ते लिहिलं नाही, नुसतं बोलून दाखवलं. शेजारच्या गडचिरोली जिल्ह्यात 1993 पासून दारूबंदी आहे. शेळ्यांचा प्रश्न तिथेही सुटलेला नाही.

हे सगळं विनोदात घालवण्यासारखं राहतं, ते तलाव येईपर्यंत.

भंडारा-गोंदियाची ओळख तलावांचा मुलूख अशी आहे. एका काळी गावोगावच्या कोहळी समाजातल्या मंडळींनी माती ओढून, पाळी घालून हे तलाव बांधले. नवेगावबांधचा तलाव अठराव्या शतकात कोलू पाटील कोहळी यांनी बांधला असं सांगतात. पाणी सोडायला तुडूम, जास्तीचं पाणी काढून द्यायला सांडवा, खाली पाट आणि त्याखाली धानाच्या बांध्या. पुढे ते मालगुजारांकडे, म्हणजे सारा वसूल करणाऱ्या जमीनदारांकडे, राहिले. 1950 च्या कायद्याने मालगुजारी गेली, तलाव सरकारजमा झाले आणि कागदोपत्री ‘माजी मालगुजारी तलाव’ झाले. एवढं लांब नाव कोण घेणार? पहिल्या दोन शब्दांचं पहिलं अक्षर उचलून लोकांनी त्यांना मामा तलाव करून टाकलं. मामाचं झालं ते आपल्याकडे मामाचं होतं तेच: हक्क सगळ्यांचा, देखभाल कोणाचीच नाही. गाळ साचत गेला, काठ उथळ होत गेला, आणि उथळ, चिखलट, बेवारस काठ ही बेशरमाची आवडती जागा.

तलावाचा काठ म्हणजे रिकामी जागा, असं आपल्याला वरून वाटतं. माशाला तसं वाटत नाही. काठच्या गुडघाभर पाण्यात पाणवनस्पती असतात, त्यांच्यात मासे अंडी घालतात, पिल्लं दडतात, पाणपक्षी घरटी बांधतात. देवधान, म्हणजे रानभात, तिथेच येतं. सारस क्रौंच महाराष्ट्रात आज मुख्यतः आमच्याच जिल्ह्यात उरला आहे, आणि त्यालाही अशीच उथळ, मोकळी पाणथळ आणि धानाची शेतं लागतात. पाच-सहा फूट उंचीचा हा पक्षी ऐटीत पावलं टाकत चालतो. बेशरमाच्या जाळीत त्याला पाऊल टाकायला जागा कुठली? जाळीखाली ऊन पोचत नाही, पाणवनस्पती जातात, मागोमाग मासे जातात, आणि ज्यांचं पोट माशांवर चालतं त्या ढिवर घरांत हिशोब चुकायला लागतो.

मग श्रमदान होतं. असं एक श्रमदान मी जवळून पाहिलं आहे. सकाळी सातला सगळे जमणार होते, साडेनऊला जमले. टोप्या वाटल्या गेल्या. पाहुण्यांनी कोयत्याने पहिली फांदी तोडली. फोटोवाला मागे राहिला होता म्हणून पाहुण्यांनी दुसरी पहिली फांदी तोडली. दुपारपर्यंत तलावाचा एक कोपरा खरोखर स्वच्छ झाला. तोडलेल्या मालाचा ढीग तिथेच काठावर रचला. खोडं जमिनीत तशीच राहिली होती, तिकडे कोणाचं लक्ष नव्हतं. पोळ्याच्या सुमाराला तिथून गेलो तर खोडं फुटली होती, ढीगही फुटला होता, आणि आधी जिथे नव्हती तिथेही बेशरम आली होती. ढिगाच्या वर टोपी तेवढी होती, ती वाढली नव्हती.

खरं काम कसं होतं ते ढिवर बायकांकडे पाहावं. अर्जुनी मोरगाव तालुक्यात भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळाचे मनीष राजनकर आणि गावोगावच्या ढिवर बायका यांनी मिळून तलाव सुधारायला घेतले. त्यांचा कार्यक्रम श्रमदानापेक्षा कंटाळवाणा आहे, म्हणून तो यशस्वी होतो. उन्हाळ्यात पाणी उतरलं की बेशरम तोडायची नाही, मुळासकट उपटायची. उपटलेली ओल्या जागेत टाकायची नाही. मग तलावाचा उघडा पडलेला तळ नांगरायचा. पाऊस पडला की चांगल्या तलावातून देशी पाणवनस्पती आणून लावायच्या. हायड्रिलासारख्या पाण्याखालच्या वेगळ्या, तरंगणाऱ्या वेगळ्या, काठच्या वेगळ्या. त्या रुजल्या की देशी माशांना राहायला जागा होते. मरळ कुठे दडते, शिंगी कुठे सापडते, कुठला मासा कुठल्या पाल्यात अंडी घालतो, हे त्या बायकांना पाण्यात हात घालून कळतं. लागवड हा शब्द एरवी आपण धानापुरता ठेवतो. मे महिन्याच्या उन्हात चिखलात वाकून बेशरम उपटणारी बाई पाहिली की फांदी खोचून फोटो काढणाऱ्यांची, म्हणजे आमची, थोडी गंमत वाटते.

एवढ्यावरून कोणी असा समज करून घेऊ नये की असला शहाणपणा आम्हीच केला. अमेरिकेत कुडझू नावाची वेल आहे. जपानने ती 1876 साली फिलाडेल्फियाच्या प्रदर्शनात नेली. जांभळी, सुवासिक फुलं, झपाट्याने वाढणारी. लोक खूश झाले, व्हरांड्यावर सावलीला चढवली. 1930 च्या दशकात तिकडच्या सरकारला जमिनीची धूप थांबवायची होती. सरकारने कुडझू लावणाऱ्या शेतकऱ्यांना एकरी 8 डॉलरपर्यंत पैसे दिले. जॉर्जियात चॅनिंग कोप नावाचे गृहस्थ रेडिओवरून तिचा प्रचार करत. त्यांनी 1943 साली कुडझू क्लब काढला. गावोगावी कुडझू महोत्सव झाले, कुडझू राणीची निवड झाली. 1953 साली सरकारने तिचं नाव हळूच शिफारशीच्या यादीतून काढलं, आणि 1970 साली तणांच्या यादीत घातलं. तोपर्यंत दक्षिणेत तिने पडकी घरं, मोटारी आणि तारांचे खांब झाकून टाकले होते. राण्यांचं पुढे काय झालं हे कोणी लिहिलेलं नाही. आपल्याकडे बेशरम महोत्सव झाला नाही, राणी निवडली गेली नाही, एवढं समाधान मानायला हरकत नाही. उमेदवार नव्हते म्हणून अडलं नसावं.

आता शहराकडे येऊ. गोंदियात नवीन लेआउट पडतायत, प्रत्येक घराला गेट आहे, प्रत्येक गेटावर कमान आहे आणि कमान उघडी दिसणं बरं दिसत नाही. म्हणून वेली. कोणाकडे मधुमालती, कोणाकडे बोगनवेल, आणि बऱ्याच ठिकाणी ती गुलाबी तुऱ्यांची, जिला आइसक्रीम वेल म्हणतात. ही मेक्सिकोची. हृदयाच्या आकाराची पानं, वर्षातले बरेच महिने फुलं, मधमाश्यांची गर्दी. जमिनीखाली गड्डे असतात, त्यामुळे वरून कितीही कापली तरी खालून येते. बी पाण्यावर तरंगतं. ग्वाम बेटावर आणि कॅरिबियनमधल्या सेंट युस्टॅशियस बेटावर तिने मोकळी रानं झाकून टाकली आहेत. गोंदियात ती अजून गेटावरून उतरलेली नाही.

एखादी वनस्पती उद्या डोईजड होईल का हे आधीच ओळखायला ऑस्ट्रेलियात एक प्रश्नपत्रिका तयार केली आहे. 49 प्रश्न. उत्तरांना गुण. गुण सहाच्या वर गेले की त्या वनस्पतीला देशात प्रवेश नाही. परीक्षेत जास्त गुण मिळाले म्हणून नापास करणारी ही एकच परीक्षा मला माहीत आहे. मी त्यातले काही प्रश्न कागदावर उतरवून बालाघाट रोडवरच्या एका नर्सरीवाल्याकडे गेलो आणि आइसक्रीम वेलीवर बोट ठेवून विचारायला लागलो.

“ही दुसऱ्या झाडांवर चढते का?”

“चढते का म्हणजे? आंब्यावर सोडा जी, आंबा दिसला तर पैसे परत.”

“जमीन हलकी असली तर?”

“मुरमात लावा. मुरूम नसला तर गिट्टीत लावा.”

“जनावरं खातात?”

“आजवर कोणी तक्रार घेऊन आलं नाही.”

“कापली तर?”

“कापाच जी. जेवढी कापाल तेवढी दाट येते.”

“तुकड्यापासून, गड्ड्यापासून वाढते?”

“गड्डा उकिरड्यावर फेकला तरी येते.”

“दुसऱ्या देशात ती फार पसरली आहे का?”

“सगळीकडं!” तो अभिमानाने म्हणाला. “फॉरेनमधी लय मागणी आहे.”

“माणसं तिला मुद्दाम पसरवतात का?”

इथे मात्र तो दुखावला. “मग मी इथं सकाळपासून काय करून राहिलो जी?”

सहा केव्हाच ओलांडले होते. त्याने कागदाकडे वाकून पाहिलं आणि आवाज खाली आणून विचारलं, “सबसिडी किती आहे?”

मला त्या माणसाचं काहीच चुकीचं वाटलं नाही. मुलीच्या लग्नात मध्यस्थ जसे स्थळाचे गुण सांगतो तसे त्याने सांगितले, आणि त्यातला एकही खोटा नव्हता. पाणी लागत नाही, कुठेही येते, कापली तरी मरत नाही, एकदा लागली की बघायला नको. अर्जुनी मोरगावच्या तलावाकाठी एका म्हाताऱ्याने बेशरमाबद्दल मला हेच सांगितलं होतं, जवळजवळ याच शब्दांत. फक्त नर्सरीवाला ते सांगताना हसत होता आणि म्हातारा थुंकला होता.

शास्त्रज्ञांचा एक ढोबळ ठोकताळा आहे. बाहेरून आणलेल्या वनस्पतींपैकी दहात एखादी कुंपणाबाहेर पडते, बाहेर पडलेल्यांपैकी दहात एखादी रुजते, रुजलेल्यांपैकी दहात एखादी डोक्यावर बसते. म्हणजे हजारात एक. एवढ्याशा शक्यतेला कोण घाबरतो? शिवाय ती एक कुठली हे लगेच कळत नाही. कित्येक वनस्पती वर्षानुवर्षं गेटावर गुपचूप बसतात आणि मग एका पावसाळ्यात निघतात. बेशरमही कोणाच्या तरी बागेत पहिली काही वर्षं कौतुकाचीच असणार. 2022 साली वन्यजीव संरक्षण कायद्यात दुरुस्ती झाली आणि त्यात परदेशी आक्रमक प्रजातींचं कलम आलं. अशा प्रजातींची आयात, विक्री, बाळगणं यांवर सरकारला निर्बंध घालता येतात. बेशरम बाळगल्याबद्दल उद्या कोणी धाड घालायची ठरवली, तर जिल्ह्याच्या आठही तालुक्यांना एकदम अटक करावी लागेल, आणि पंचनाम्याला साक्षीदार बालाघाटहून आणावे लागतील.

कायद्याच्या हाती न लागणारा एक प्रसारमार्ग मात्र आहे, तो म्हणजे माझी कोल्हापूरची मावशी. गोंदियाहून कोल्हापूरला जाणारी महाराष्ट्र एक्सप्रेस सगळा महाराष्ट्र आडवा कापत जाते, आणि मावशीच्या पिशवीत ओल्या फडक्यात गुंडाळलेल्या फांद्या नाहीत असं कधी होत नाही. येताना तिकडची जाई आली, जाताना इकडची आइसक्रीम वेल निघाली. स्टेशनवर तिला डब्यात बसवताना मी ग्वाम बेटाची गोष्ट सांगितली.

“आळशी असतील तिकडचे,” मावशी म्हणाली. “वेळच्या वेळी कापायला नको?”

“अगं मावशी, कापली की जास्त येते.”

“मग चांगलंच की.”

एवढ्यात पिशवीतून आणखी एक फांदी डोकावताना दिसली. जाड, हिरवी, मोडलेल्या तोंडाशी चीक वाळलेला. आदल्या दिवशी नवेगावला तलाव बघायला गेलो होतो, तिथे मावशी काठावर जरा जास्तच वेळ रेंगाळली होती.

“किती सुंदर फूल रे ते! आणि कोणी लक्षसुद्धा देत नाही त्याच्याकडे. मी म्हटलं, आपल्या गच्चीवर लावून बघू,” मावशी म्हणाली. “नाव काय रे त्याचं?”

आजूबाजूला डब्यात माणसं होती. समोर सत्तर वर्षांची मावशी, माझ्या आईची थोरली बहीण, तिच्या कुशीत ती फांदी, आणि तोंडावर ‘बेशरम’ कसं म्हणणार?

“गारवेल,” मी म्हणालो.

मावशीने पर्समधून छोटी वही काढली, चष्मा लावला आणि लिहून घेतलं: गारवेल. नवेगाव. पाणी कमी.